राज्य कोणाला म्हणावे? : अलेक्झांडर वेंट यांचा रचनावाद आणि हैदराबादचा प्रश्न

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात वास्तववाद व उदारमतवाद या दोन प्रस्थापित प्रवाहांना ज्या विचाराने गंभीर आव्हान दिले, तो रचनावाद होय. ही संज्ञा या विद्याशाखेत निकोलस ओनुफ यांनी १९८९ मध्ये रूढ केली. तथापि तिला व्यापक मान्यता मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने अलेक्झांडर वेंट यांच्याकडे जाते. आपल्या वर्गांतून वेंट बहुधा एका सूत्रापुरते शिकविले जातात : अराजकतेला अर्थ राज्येच देतात. परंतु मुळात राज्य कोण, हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न या सूत्रात अनुत्तरित राहतो. मराठवाड्याने हा प्रश्न १९४७-४८ मध्ये प्रत्यक्ष अनुभवला आहे. प्रस्तुत लेखात वेंट यांच्या विचारांची चिकित्सा हैदराबादच्या प्रश्नाच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

वेंट यांची वैचारिक वाटचाल

वेंट यांचा जन्म १९५८ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील माइन्झ येथे झाला. अमेरिकेतील मॅकॅलेस्टर महाविद्यालयात राज्यशास्त्र व तत्त्वज्ञान या विषयांचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातून १९८९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. येल, डार्टमथ व शिकागो येथे अध्यापन करून २००४ मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. तत्त्वज्ञानाचा हा संस्कार त्यांच्या संपूर्ण लेखनावर दिसून येतो.

१९८७ च्या त्यांच्या निबंधात कर्ता व संरचना यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न मांडला आहे. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या नववास्तववादानुसार आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची संरचना राज्यांच्या वर्तनाला मर्यादा घालते. वेंट यांच्या मते, संरचना राज्यांना घडविते त्याचप्रमाणे राज्येही आपल्या व्यवहारातून संरचनेला घडवीत असतात. १९९२ च्या 'अनार्की इज व्हॉट स्टेट्स मेक ऑफ इट' या निबंधात हाच विचार त्यांनी पुढे नेला. येथे अराजकता म्हणजे गोंधळ नव्हे; राज्यांच्या वर कोणतीही अधिसत्ता नसणे, एवढाच तिचा अर्थ. अशा स्थितीत राज्यांनी परस्परांना शत्रू मानावे, प्रतिस्पर्धी मानावे की मित्र, हे अराजकतेवरून ठरत नाही. ते त्यांच्या परस्पर व्यवहारांतून आणि सामायिक समजुतींतून ठरते. ब्रिटनच्या शेकडो अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाची मोजकी अण्वस्त्रे अमेरिकेला अधिक भयावह वाटतात, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सोशल थिअरी ऑफ इंटरनॅशनल पॉलिटिक्स' या ग्रंथात वेंट यांनी अराजकतेच्या तीन संस्कृती सांगितल्या : शत्रुत्वावर आधारलेली हॉब्जची, प्रतिस्पर्धेवर आधारलेली लॉकची आणि मैत्रीवर आधारलेली कांटची. लॉकच्या संस्कृतीत राज्ये परस्परांशी स्पर्धा करतात, प्रसंगी युद्धही करतात. परंतु एकमेकांचा अस्तित्वाचा अधिकार मान्य करतात. त्यामुळेच आधुनिक काळात दुर्बळ राज्येही टिकून राहतात, असे वेंट यांचे प्रतिपादन आहे. सार्वभौमत्व हे केवळ बळाचे फलित नसून परस्पर मान्यतेची संस्था आहे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय.

हैदराबाद : मान्यतेअभावी राज्यत्व

या विचाराची कसोटी म्हणून हैदराबादचे उदाहरण अत्यंत उद्बोधक ठरते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे तत्कालीन पाच जिल्हे या संस्थानात होते. १९४१ च्या जनगणनेनुसार संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांहून अधिक होती. स्वतःचे सैन्य, नाणे, टपाल, न्यायव्यवस्था आणि परभणी-पूर्णा मार्गे धावणारी रेल्वे या सर्व गोष्टी निजामाच्या राजवटीकडे होत्या. भूप्रदेश, लोकसंख्या, शासनयंत्रणा या पाठ्यपुस्तकी निकषांवर हैदराबाद राज्यच ठरले असते.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश सार्वभौमत्व संपताच हैदराबाद स्वतंत्र होईल अशी भूमिका जाहीर केली. मात्र स्वतंत्र डोमिनियनचा दर्जा ब्रिटनने दिला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. या एकाच कराराकडे निजाम सरकार दोन स्वतंत्र सत्तांमधील करार म्हणून पाहत होते, तर दिल्लीच्या दृष्टीने ती विलीनीकरणापूर्वीची तात्पुरती व्यवस्था होती.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार दाखल केली. त्यासाठी सनदेच्या कलम ३५(२) चा आधार घेण्यात आला. सदस्य नसलेल्या राज्यालाही आपला वाद परिषदेपुढे नेता येतो, अशी तरतूद या कलमात आहे. भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांचा मुख्य आक्षेप असा होता की, हैदराबाद हे सनदेच्या अर्थाने राज्यच नाही. परिषदेने १६ सप्टेंबर रोजी हा विषय विषयपत्रिकेवर घेतला. तोपर्यंत भारतीय फौजा १३ सप्टेंबरलाच संस्थानात शिरल्या होत्या. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेत असल्याचे कळविले.

या घटनाक्रमात रणगाड्यांनी निर्णय केला, असे वास्तववादी म्हणेल. हे खरे असले तरी अपुरे आहे. रणगाडे कोठे जात होते, परदेशात की आपल्याच भूमीत, हा प्रश्न बळाने सुटत नाही. भारत सरकारने या मोहिमेला 'पोलीस कारवाई' म्हटले. सैन्याच्या तुकड्या व चिलखती वाहने वापरलेल्या मोहिमेस हे नाव देण्यात एक कायदेशीर व राजकीय दावा अनुस्यूत होता : ही अंतर्गत बाब आहे, दोन राज्यांमधील युद्ध नव्हे. भाषा ही वस्तुस्थितीचे केवळ वर्णन करीत नाही, तर तिच्या घडणीत सहभागी होते, हे रचनावादाचे प्रतिपादन येथे अचूक लागू पडते.

गोव्याचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोव्यात बळाचा वापर केला तेव्हा समोर पोर्तुगाल हे मान्यताप्राप्त राज्य होते. तेथे 'हे राज्यच नाही' असा युक्तिवाद शक्य नव्हता. म्हणून वसाहतवादी ताबा हा वैध हक्कच नव्हे, अशी भूमिका घेण्यात आली. आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव संमत केला होता. त्यामुळे या भूमिकेला बदलत्या मानदंडाचा आधार होता.

वेंट यांच्या सिद्धांताची मर्यादा

येथपर्यंत वेंट यांचा विचार आपल्याला उपयोगी पडतो. पुढे मात्र तो अपुरा पडू लागतो. लॉकच्या संस्कृतीत मान्यता मिळालेल्या राज्याला संरक्षण असते. परंतु त्या समाजात प्रवेश कोणाला द्यावयाचा, याचे उत्तर सिद्धांतात नाही. वेंट यांनी राज्याची भूमिका व हितसंबंध सामाजिक मानले, पण राज्याचे संघटित अस्तित्व व त्याची मूळ अस्मिता ही आंतरराष्ट्रीय व्यवहारापूर्वीच सिद्ध असल्याचे गृहीत धरले. सैद्धांतिक सोयीसाठी केलेले हे गृहीतक हैदराबादसारख्या प्रसंगी टिकत नाही.

दुसरी मर्यादा पूर्वेतिहासाची आहे. वेंट यांच्या १९९२ च्या मांडणीत दोन अपरिचित कर्ते प्रथमच भेटतात आणि संकेतांच्या देवाणघेवाणीतून परस्परांविषयीच्या समजुती घडवितात. नईम इनायतुल्ला व डेव्हिड ब्लेनी यांनी या मांडणीवर आक्षेप घेतला आहे : भेटणारे कर्ते कोऱ्या पाटीने येत नाहीत, ते आधीच्या प्रतिमा घेऊन येतात. निजाम आणि दिल्ली यांच्यामध्ये १८०० च्या तैनाती फौजेच्या तहापासूनचा दीर्घ इतिहास होता. ब्रिटिश सार्वभौमत्व संपले, हे एकच विधान एकाला मुक्ती वाटत होते, तर दुसऱ्याला वारसा.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची मर्यादा म्हणजे समाजाची अनुपस्थिती. हैदराबाद राज्य आहे काय, हा प्रश्न केवळ सुरक्षा परिषदेत विचारला गेला नाही. १९३८ पासून स्वामी रामानंद तीर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतीय संघराज्यात सामील होण्याची मागणी करणारा दिन पाळण्यात आला. सत्याग्रही, सरहद्दीवरील कॅम्पांतील कार्यकर्ते व तेलंगणातील लढाऊ शेतकरी हे सर्व निजामाच्या राज्यत्वाच्या दाव्याला आतून आव्हान देत होते. मान्यता बाहेरून नाकारली जाण्यापूर्वी ती आतून काढून घेतली गेली होती. वेंट यांच्या सिद्धांतात या लोकांना स्थान नाही. तेथे राज्य बोलते, राज्य ऐकते आणि राज्यच शिकते.

याच उणिवेची दुसरी बाजू अधिक वेदनादायक आहे. 'आपण' आणि 'इतर' यांची विभागणी राज्यांच्या सीमेवरच होते असे नाही. कारवाईपूर्वी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि कारवाईनंतर अनेक जिल्ह्यांत मुस्लिम समाजावर झालेला हिंसाचार, ज्याची पाहणी सुंदरलाल समितीने केली, या दोन्ही घटनांत शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला शत्रू ठरविले. या समितीचा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. मुक्तीचा दिवस साजरा करताना या अनुभवाला अभ्यासात स्थान न देणे, हीदेखील अस्मितेच्या घडणीचीच एक प्रक्रिया आहे. अस्मितांच्या घडणीचा सिद्धांत सांगणाऱ्याने ही घडण राज्याच्या आत पाहण्याचे टाळणे समर्थनीय नाही.

वेंट यांचे पुढील लेखन ही उणीव भरून काढत नाही. २००३ च्या निबंधात मान्यतेच्या संघर्षातून अखेरीस जागतिक राज्य अपरिहार्य ठरेल असे त्यांनी मांडले. २०१५ च्या ग्रंथात पुंजभौतिकीच्या आधारे मन व समाज यांचा नव्याने विचार केला. त्यांचे बौद्धिक धाडस निर्विवाद आहे. तथापि, या प्रवासात त्यांचा सिद्धांत प्रत्यक्ष इतिहासापासून अधिकाधिक दूर गेला. मान्यतेचा संघर्ष सर्वांना सामावून घेणाऱ्या राज्याकडे जातो, हे त्यांचे भाकीत हैदराबादच्या अनुभवाशी ताडून पाहिले असता अर्धेच पटते. १९५० मध्ये येथील जनता प्रजासत्ताकाची समान नागरिक झाली, हे खरे. मात्र मान्यतेचे सर्व प्रश्न तेव्हा मिटले असे म्हणता येत नाही.

समारोप

वेंट यांचे मोल त्यांनी विचारलेल्या प्रश्नात आहे : जे अटळ वाटते, ते कोणाच्या समजुतींवर उभे आहे? हा प्रश्न त्यांनी अराजकतेला विचारला, राज्याला विचारला नाही. परभणी व परिसरातील महाविद्यालयांत हा विषय शिकविताना शीतयुद्धाच्या समाप्तीबरोबरच १९४८ चे हैदराबादही उदाहरण म्हणून घेता येईल. त्यासाठी सुरक्षा परिषदेची कागदपत्रे, मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या आठवणी आणि सुंदरलाल समितीचा अहवाल एकत्र वाचावे लागतील. असे वाचन झाल्यास रचनावादाची उपयुक्तता व मर्यादा या दोन्ही बाबी विद्यार्थ्यांना त्यांच्याच जिल्ह्याच्या इतिहासातून तपासता येतील.