तपकिरी काचेची कारागिरी

बिअरची रिकामी तपकिरी बाटली हातात घ्या आणि आकाशासमोर धरून आरपार बघा. झाडं दिसतील, समोरची भिंत दिसेल, सगळं मधाळ रंगात न्हालेलं. आकाशाचा निळा मात्र दिसणार नाही. तो काचेतच जिरलेला असतो. बाटलीचा हा रंग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही. माझ्या मते माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यांच्याइतकाच तोही बिअर घडवण्याचा भाग आहे. निळाच का अडवायचा, हे कळलं की या रंगाची खरी गंमत कळते.

त्यासाठी आधी कडवटपणाकडे जायला हवं. १८४२ साली बोहेमियातल्या प्लझेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूमास्टरने फिकट माल्टची सोनेरी लागर बनवली आणि पिल्सनर हा प्रकार जन्माला आला. चांगली पिल्सनर पिताना पहिल्यांदा माल्टचा हलका गोडवा लागतो, ब्रेडच्या आतल्या पांढऱ्या भागासारखा. कडू चव उशिरा येते. घोट गिळून झाल्यावर ती जिभेच्या मुळाशी उमटते, तोंड स्वच्छ करते आणि पुढच्या घोटाची ओढ लावते. हॉप्सच्या फुलांत ही चव तयार नसते. त्यांतली अल्फा आम्लं माल्टच्या काढ्यात तासभर उकळली की त्यांची घडण बदलते आणि आयसो-अल्फा आम्लं तयार होतात. कडवटपणा त्यांचा, आणि ग्लासच्या कडेला जाळीसारखा चिकटून राहणारा फेसही बराचसा त्यांच्याच आधाराने टिकतो. एकाच द्रव्याने जीभ आणि डोळे दोन्ही सांभाळावेत, ही करामत मोठीच.

याच द्रव्याला उजेड बाधतो. पण कसा, ते बारकाईने बघण्यासारखं आहे. या आम्लांना डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषताच येत नाही. खोलीतला उजेड त्यांच्यातून सरळ निघून जातो. मग बिघडतं काय? माल्ट आणि यीस्टमधून बिअरमध्ये रायबोफ्लेविन आलेलं असतं, म्हणजे आपल्या गोळ्यांतलं ब-२ जीवनसत्त्व. ते स्वतः पिवळं असतं, आणि पिवळं दिसतं ते निळा प्रकाश शोषतं म्हणूनच. ४४५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा त्याला विशेष मानवतो. शोषलेली ऊर्जा ते कडू आम्लाकडे पोचवतं, आम्लाच्या बाजूच्या साखळीचा एक तुकडा तुटतो आणि बिअरमधल्या प्रथिनांतून आलेल्या गंधकाला जाऊन चिकटतो. त्यातून जे तयार होतं त्याचं रसायनशास्त्रातलं नाव ३-मिथाइल-२-ब्यूटीन-१-थायॉल. उजेड पकडणारा एक, तुटणारा दुसरा, गंधक पुरवणारा तिसरा. तिघेही बिअरमध्ये हक्काने असलेले, एकही परका नाही. उजेडाने बिअरचा वास बदलतो ही नोंद लिंटनर या अभ्यासकाने १८७५ मध्येच केली होती. मागची ही साखळी उलगडली ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, जपानमध्ये, कुरोइवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. नुसत्या नाकाने टिपलेल्या गोष्टीचा इतका नेमका पाठपुरावा झालेला वाचताना मन भरून येतं.

हा वास एकदा ओळखून ठेवावा. एकाच बाटलीतली हलकी, हॉप्सचा कडूपणा असलेली बिअर दोन ग्लासांत ओता. एक कपाटात ठेवा, दुसरा दहा मिनिटं कडक उन्हात. मग वास घ्या. कपाटातल्या ग्लासाला ताजं गवत, धान्य, थोडी फुलं असा सुवास येईल. उन्हातल्या ग्लासावर जळक्या रबराचा, चिरून ठेवलेल्या कांद्याचा उग्र दर्प बसलेला असेल. अमेरिकेत स्कंक नावाचा प्राणी शत्रूवर दुर्गंधीची पिचकारी मारतो. त्याच्या फवाऱ्यातही अशीच गंधकाची संयुगं असतात, म्हणून तिकडे अशा बिअरला त्या प्राण्याचंच नाव चिकटलं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढं थायॉल नाकाला पुरतं. इतक्या कमी प्रमाणात जिभेच्या कडू चवीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. तरी बिअरची चवच गेली असं वाटतं, कारण गिळताना घशातून नाकाकडे जाणारी वाफ तोच दर्प घेऊन जाते. हेच थायॉल भाजलेल्या कॉफीच्या वासातही सापडतं आणि तिथे ते खपून जातं. माणसाचं नाक किती तल्लख आहे, आणि संदर्भाला किती जागं आहे, ते इथे दिसतं.

आता पुन्हा काच. तपकिरी रंग लोह आणि गंधक यांच्या जोडीतून येतो. भट्टीत कार्बन घालून ऑक्सिजन कमी ठेवला की लोहाच्या कणाभोवतीच्या चार जागांपैकी एका जागी ऑक्सिजनऐवजी गंधक बसतो. त्या एका अदलाबदलीने काच जांभळा आणि निळा प्रकाश गिळू लागते, साधारण ५०० नॅनोमीटरच्या अलीकडचा जवळपास सगळा. फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याने जे साधतं, तेच इथे काच साधते: उजेड आहे, पण बाधणारा नाही. आणि ज्या गंधकामुळे बिअर नासते, तोच काचेत बसून तिची राखण करतो. या जुळणीचं कौतुक मला कधीच पुरेसं करता आलेलं नाही.

हिरवी बाटली देखणी असते, पण नेमक्या त्रासदायक निळ्या-जांभळ्या पट्ट्यातला बराच प्रकाश ती आत सोडते. पारदर्शक काच तर जवळजवळ काहीच अडवत नाही. तरीही मिलर हाय लाइफसारखी बिअर पारदर्शक बाटलीत टिकते, ती वेगळ्या युक्तीने. तिच्यात हॉप्सची फुलं न वापरता हायड्रोजनची प्रक्रिया केलेला अर्क वापरतात. त्यामुळे साखळीतली तुटणारी जागाच बदलते आणि तो दर्प तयार होत नाही. यातल्या काही अर्कांनी फेसही घट्ट होतो. युक्ती हुशारीची आहे, पण कडवटपणा मला त्यात जरा सपाट लागतो, साझ जातीच्या हॉप्सची मऊ, लांबत जाणारी कडा त्याला येत नाही. माझं मत काचेच्याच बाजूने.

तपकिरी काचही हा बिघाड लांबवते, पूर्ण थांबवत नाही. थंडीचाही यात फारसा उपयोग नाही. ही क्रिया उष्णतेवर नव्हे, प्रकाशावर चालते, त्यामुळे बिअर शॉपीतल्या काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये पांढऱ्या दिव्याखाली उभी असलेली हिरवी बाटली गारच्या गार बिघडत असते. एलईडीच्या पांढऱ्या उजेडातला निळा भाग साधारण ४५० नॅनोमीटरला सगळ्यांत जास्त असतो, म्हणजे रायबोफ्लेविनच्या अगदी पसंतीचा. तेव्हा पुढच्या वेळी समोरच्या रांगेतली बाटली घेऊ नका. बंद खोक्यातली मागा, घरी गार करा, आणि गच्चीवर बसणार असाल तर ग्लास सावलीत ठेवा.