ढिगातले सोने आणि गाडीभाडे

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत ‘टाकाऊतून संपत्ती’ या विषयाचा तक्ता बहुधा असतोच. त्यावर दोन उदाहरणे शेजारी-शेजारी लावलेली दिसतात : अ‍ॅल्युमिनिअमची मोडकी भांडी वितळवून केलेली नवी भांडी आणि औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा. बीड जिल्ह्यात परळीमुळे दुसरे उदाहरण तर घरचेच. दोन्हींचे तात्पर्य एकच सांगितले जाते : कचरा म्हणजे चुकीच्या जागी पडलेले सोने. वाक्य आकर्षक आहे, पण ते दोन भिन्न गोष्टी एकाच मापाने मोजते.

प्रथम भांड्याचा विचार करू. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना आणि अ‍ॅल्युमिनापासून धातू, असा हा प्रवास आहे. शेवटच्या टप्प्यात एक टन धातूसाठी सुमारे चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते. भंगार वितळवायला एकूण ऊर्जेच्या जेमतेम पाच टक्के पुरतात. म्हणजे मोडक्या पातेल्यात नुसता धातू नसतो, त्यात आधी खर्च झालेली वीज साठलेली असते. भंगारवाला दारावर येऊन पैसे मोजतो तो याच साठ्याचे.

आता त्याच धातूच्या कारखान्याचा कचरा पाहा. कोल्हापूर भागातील बॉक्साइट वापरत आलेला बेळगावचा हिंडाल्कोचा कारखाना अ‍ॅल्युमिना काढतो आणि मागे लाल चिखल उरतो. साधारणपणे एक टन अ‍ॅल्युमिनामागे एक ते दीड टन चिखल. त्यात लोखंडाचे ऑक्साइड भरपूर असते, थोडे टायटॅनिअमही असते. पण हे सारे ऑक्साइड, म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने तळाला बसलेले पदार्थ. त्यातून धातू काढायचा तर ऊर्जा पुन्हा पहिल्यापासून ओतावी लागते. शिवाय चिखल दाबून गाळला तरी त्यात बरेच पाणी उरते आणि त्या पाण्याचेही गाडीभाडे भरावे लागते. कॉस्टिक सोड्यामुळे तो दाहक असतो तो वेगळाच.

परळीची राखही याच जातीची. भारतीय कोळशाच्या राखेत पाव भागाहून अधिक अ‍ॅल्युमिना असू शकते. मग परळीत अ‍ॅल्युमिनिअम का निघत नाही, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. उत्तर असे, की राखेत निम्म्याहून अधिक सिलिका असते आणि अ‍ॅल्युमिना तिच्याशी घट्ट बांधलेली असते. ती सोडवण्याचा खर्च मिळणाऱ्या धातूला पेलत नाही. पदार्थ असणे आणि तो परवडणे या दोन गोष्टी आहेत.

म्हणून राखेचा उपयोग राख म्हणूनच करावा लागतो : सिमेंटमध्ये, विटांमध्ये, भरावात. येथे प्रश्न रसायनाचा कमी आणि अंतराचा जास्त होतो. परळीतील २५० मेगावॉटचे तीन संच पूर्ण क्षमतेने चालले, एका युनिटला ०.७ किलो कोळसा लागला आणि त्यात ३५ टक्के राख निघाली, असे धरू. दिवसाला १ कोटी ८० लाख युनिट, १२,६०० टन कोळसा आणि सुमारे ४,४०० टन राख. वीस टनी ट्रक धरले तर रोज २२० फेऱ्या.

आता समजा, वीटभट्टीवाल्याला माती टनाला ३०० रुपयांनी मिळते, राख फुकट आहे आणि वाहतुकीला टनामागे किलोमीटरला ४ रुपये पडतात. तर ७५ किलोमीटरपलीकडे फुकटची राखही महाग. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई ठेवली. ती टाळण्यासाठी केंद्र तेवढी रक्कम वाहतुकीवर खर्च करू शकते. हिशेबात आणखी २५० किलोमीटर वाढले! राखेचे गुणधर्म तेच राहिले. कायद्याने ढिगाची किंमत ठरवली आणि राखेला बाजार मिळाला.

लाल चिखलाचेही तसेच. २०२० साली हिंडाल्कोने अल्ट्राटेकच्या सात राज्यांतील १४ सिमेंट कारखान्यांना वर्षाला १२ लाख टन चिखल देण्याचा करार जाहीर केला. चिखलातील लोह सिमेंटच्या कच्च्या मालात लॅटेराइटची जागा घेते. हे काम चांगलेच आहे. पण दोन्ही कंपन्या एकाच उद्योगसमूहाच्या आहेत, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. एका खिशाचा तोटा दुसऱ्या खिशात भरून निघतो, तेथे व्यवहार सोपा होतो. दुसरीकडे ढीग तसाच ठेवण्याचीही किंमत असते. हंगेरीत आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी लाल चिखलाचा बांध फुटून दहा माणसे दगावली. झारखंडमध्ये मुरी येथे ९ एप्रिल २०१९ रोजी असाच ढीग कोसळला.

‘परळीच्या राखेला मागणी आहे, म्हणजे ती सोनेच’ असा युक्तिवाद केला जातो. २०२४-२५ मध्ये तिच्या वाहतुकीवरून राज्यभर चर्चाही झाली. परंतु उघड्या गाडीतून उडणारी धूळ रस्त्याकडेच्या पिकांवर आणि लोकांच्या छातीत बसते, तिचा आकडा कोणाच्याच वहीत नसतो. तो मांडला तर नफा किती उरेल? राख ओली करून तळ्यात सोडायला पाणी लागते. आणि पाण्याअभावी हेच केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले होते. तळ्यातल्या ओल्या राखेपेक्षा कोरडी बारीक राख सिमेंटला अधिक उपयोगी पडते, हेही ध्यानात घ्यावे.

राखेची वीट प्रदर्शनात जरूर ठेवावी. मात्र तिच्याशेजारी चार प्रश्न लिहावेत : या पदार्थात ऊर्जा शिल्लक आहे का? तो किती अंतर न्यावा लागतो? तो कशाची जागा घेतो? आणि ज्याची धूळ होते, त्याचा खर्च कोण भरतो? ज्या तक्त्यावर या चार प्रश्नांची उत्तरे असतील, त्याला परीक्षकांनी पहिला क्रमांक द्यावा, मग वीट थोडी वाकडी असली तरी चालेल.