नोटीस कुठे लावली होती?

विज्ञानकथा म्हटली की आपल्याकडे गंभीर चेहरा करण्याचा रिवाज आहे. डग्लस ॲडम्स यांची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही श्रुतिका मात्र पहिल्या प्रवेशापासून हसवते. 8 मार्च 1978 रोजी ती बीबीसी रेडिओ 4 वर सुरू झाली. आम्हा पनवेलकरांना ती परकी का वाटत नाही, एवढेच येथे सांगायचे आहे.

आर्थर डेंट सकाळी उठतो तो दारात बुलडोझर! बायपाससाठी त्याचे घर पाडायचे आहे. आराखडा नऊ महिने कचेरीत पाहायला ठेवला होता, असे अधिकारी सांगतो. तो होता तळघरातल्या बंद शौचालयात, कुलूपबंद कपाटाच्या तळाशी. थोड्याच वेळात वोगॉन नावाचे परग्रहवासी येतात आणि अंतराळातल्या बायपाससाठी सारी पृथ्वीच पाडायला निघतात. त्यांची नोटीस म्हणे अल्फा सेंटॉरीला पन्नास वर्षे लागलेली होती!

1970 मध्ये सिडको आली आणि 'भूसंपादन' हा शब्द पनवेल-उरणच्या घराघरांत शिरला. जानेवारी 1984 च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी फोडली गेली आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. इंग्रज श्रोत्याची करमणूक ही आमच्याकडची आपबीती आहे.

आमच्या उर्दू शाळेत आठवीच्या मुलांकडून हा पहिला प्रवेश आम्ही उर्दूत करून वाचून घेतला. वर्गात चादर बांधली. वाचणारे मागे, ऐकणारे पुढे. बुलडोझरसाठी पत्र्याचा डबा फरशीवर घासला. वाचन संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, नोटीस कौनसी जबान में थी?" वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. घरी आलेला मराठी कागद वडीलधाऱ्यांना तीच वाचून दाखवते.

1979 मध्ये लंडनला या श्रुतिकेचा रंगमंचीय प्रयोग झाला, 1981 मध्ये ती दूरदर्शन मालिका म्हणून आली. पण तिचा जीव आवाजातच आहे. झेफॉड या पात्राला दोन डोकी आहेत. रेडिओवर हे एका वाक्यात पटते. पडद्यावर खांद्यावरचे ते दुसरे डोके खोटे दिसते. आमच्या डब्यालाही चादरीमुळेच बुलडोझर होता आले.

एक उणीव मात्र खटकते. पृथ्वी नष्ट होते, आर्थर आणि त्याचा मित्र फोर्ड निसटतात, आणि विनोद पुढे धावतो. मागे राहिलेल्यांसाठी लेखक फारसा थांबत नाही. ज्यांची घरे खरोखर गेली, त्यांना एवढी घाई परवडत नाही. त्या मुलीचा प्रश्न नेमका तिथे थांबला. पुढच्या वाचनात नोटिशीचा प्रवेश आम्ही तिच्याकडूनच लिहून घेणार आहोत.