माफी न मागता सुचवलेली प्रेमकथा

प्रेमकादंबरी सुचवा, असं सांगताना वाचकाचा आवाज अजूनही खाली जातो. वर्षानुवर्षं मीही नाव सांगून 'वाङ्मयीन काही नाही हं' अशी पुस्ती जोडत असे. ती सवय सुटली चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' खटल्याचा निकाल वाचून. ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली (म्हणजे आपल्याच घराण्यात!). उच्च न्यायालयानं अश्लीलतेबद्दल २५ रुपये दंड केला. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लेखकाला निर्दोष ठरवलं. कथेची भलामण मात्र केली नाही. लेखन फार उंचीचं नसेल, लेखकाचा अनुभव तोकडा असेल. पण निशिकांत आणि त्याच्या आयुष्यातल्या तीन स्त्रिया यांची ही कथा सबंध वाचली, तर ती वाचकाला बिघडवते असं दिसत नाही, हा निकालाचा आशय.

आमच्या समीक्षेनं हे दोन प्रश्न फारसे वेगळे केलेच नाहीत. 'लोकप्रिय' म्हटलं की न वाचताच निकाल! आता आजची प्रेमकादंबरी सुचवताना मी एवढंच सांगतो: नायिकेला 'नाही' म्हणता येतं का, आणि तिनं म्हटल्यावर नायक काय करतो, ते पाहा. भाषा कच्ची असेल तर तेही सांगतो, पण आवाज खाली न आणता.