खोऱ्यातला श्रोता

पुणे आकाशवाणीचा विषय निघाला, की आपल्याकडचे लेखन हमखास 'गीतरामायणा'पाशी येऊन थांबते. २ ऑक्टोबर १९५३ला केंद्र सुरू झाले. एप्रिल १९५५पासून वर्षभर माडगूळकर-फडके यांची ५६ गीते घरोघर पोचली. त्याचे मोल मोठेच. पण या केंद्राचे अधिक धाडसी काम, माझ्या मते, फेब्रुवारी १९५६मध्ये सुरू झाले आणि आपल्या समीक्षेने त्याची फारशी दखल घेतली नाही.

युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे उभी राहिली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. मंडळाने तो एकत्र ऐकायचा, चर्चा करायची, शंका लिहून केंद्राला कळवायच्या. उत्तरे पुढे रेडिओवरूनच मिळत. पॉल न्यूरथ यांच्या पाहणीत दिसले, की मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत नाममात्र. म्हणजे बदल घडवला तो गावाकडून केंद्राकडे उलट जाणाऱ्या पत्राने. १९५९पासून ही योजना देशभर गेली. याच केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांनी दीर्घकाळ नोकरी केली. तरी ग्रामीण साहित्याच्या चर्चेत त्या नोकरीचा उल्लेख चरित्रातल्या एका ओळीपुरताच येतो.

मी मावळात राहून हे लिहितो, त्यालाही कारण आहे. पुण्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे. शहराचा अंदाज आमच्या भातखाचरांना लागू पडत नाही. त्यात एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते; मध्यम लहर जमिनीला धरून पुढे सरकते. पवन, नाणे, आंदर मावळच्या खोऱ्यांत हा फरक कानाला कळतो.

जून २०२३मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. विरोधानंतर त्याला स्थगिती मिळाली. त्या वादात पुण्याच्या मानाबद्दल पुष्कळ बोलले गेले. श्रोता केंद्रापासून आणखी किती दूर जाणार, हे थोड्यांनीच विचारले.

केंद्राचा इतिहास लिहायचा तर ध्वनिफितींइतकीच श्रोतामंडळांची टिपणे महत्त्वाची मानावी लागतील. कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी वही असेल, तर ती रद्दीत जाण्याआधी एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करावी.