अनुकंपेच्या पलीकडे : रस्त्यावरचे मूल आणि आपली कलादृष्टी

रस्त्यावर वाढणाऱ्या आणि कोवळ्या वयात कामाला जुंपल्या गेलेल्या मुलांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, चित्रपटही निघाले आहेत. अशा कलाकृतींचे स्वागत करताना आपण बहुधा एकच विशेषण योजतो : 'हृदयस्पर्शी'. हृदयाला स्पर्श होणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु डोळे पुसून प्रेक्षक घरी गेला की त्या मुलाचे काय होते, हा प्रश्न समीक्षक सहसा विचारत नाही. अनुकंपा देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्काच्या बाबतीत मात्र कोणीतरी उत्तरदायी असावा लागतो. बालहक्कांच्या चळवळीने गेल्या काही दशकांत हा भेद समाजापुढे आग्रहाने मांडला. वाङ्मयीन समीक्षेने तो अद्याप पुरता मनावर घेतलेला नाही. म्हणून या लेखात दोन हिंदी चित्रपट आणि एक मराठी कवी यांच्याकडे त्या दृष्टीने पाहण्याचे योजिले आहे. तिघांचीही कर्मभूमी मुंबईच आहे.

पहिला चित्रपट १९५४ सालचा 'बूट पॉलिश'. निर्माते राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. भोला आणि बेलू ही पोरकी भावंडे काकूच्या घरी राहतात. काकू त्यांना भीक मागायला लावते. शेजारचा जॉन चाचा मात्र त्यांना सांगतो की हात पसरू नका, हातांनी काम करा. मुले पैपैसा साठवून बूट पॉलिशचे सामान घेतात. डेव्हिड यांनी साकारलेला हा जॉन चाचा बेकायदा दारूचा धंदा करणारा आहे, आणि तरीही चित्रपटाची सदसद्विवेकबुद्धी त्याच्याच ठिकाणी आहे. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणूस बहुधा दारूच्या बाटलीसह दाखवला, ही आपली जुनी तक्रार. परंतु येथे त्या ठरावीक साच्यातूनच एक थोर मनाचा माणूस उभा राहिला आहे, हे मान्य करावे लागेल.

हा चित्रपट त्याच्या काळाचे अपत्य आहे. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. भीक ही लाचारी आणि श्रम हा स्वाभिमान, हे समीकरण देशाच्या उभारणीशी जुळणारे होते. परंतु ज्या वयात मुलाच्या हाती पाटी हवी, त्या वयात ब्रश दिसला म्हणून आपण समाधान मानले, ही गोष्ट आज खटकते. विशेष म्हणजे चित्रपटानेच या समीकरणातील दोष नकळत दाखवून दिला आहे. पावसाळा येतो, बुटांना पॉलिश करून घेणारे गिऱ्हाईक उरत नाही आणि मुले उपाशी राहतात. कोणीतरी टाकलेले नाणे भुकेली बेलू उचलते, तेव्हा स्वाभिमानी भोला तिला थप्पड मारतो. जॉन चाचा तुरुंगात जातो. म्हणजे मुलांनी प्रामाणिकपणे श्रम केले, तरी एका पावसापुढे ते टिकले नाहीत. मग कथेला तारणहार शोधावा लागतो. एक सधन दांपत्य बेलूला दत्तक घेते आणि शेवटी भोलालाही त्याच घराचे दार उघडते. नशीब स्वतःच्या मुठीत असल्याचे ज्या मुलांनी शैलेंद्रांच्या गीतातून सांगितले, त्यांचे नशीब अखेर दुसऱ्याच्याच हाती राहते. मुंबईतील बाकीच्या भोलांचे काय, हे विचारण्याची गरज कथेला वाटत नाही.

त्यानंतर चौतीस वर्षांनी, १९८८ मध्ये, मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' आला. पटकथा सूनी तारापोरवाला यांची. यातील बालकलाकार प्रत्यक्ष रस्त्यावरची मुले होती. कार्यशाळा घेऊन त्यांची तयारी करून घेण्यात आली होती. कान महोत्सवात पदार्पणातील दिग्दर्शनाचा 'कॅमेरा दोर' पुरस्कार या चित्रपटाला मिळाला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत तो पोचला. त्याची खरी थोरवी मात्र त्याने तारणहार नाकारला यात आहे. कृष्णाला पाचशे रुपये जमवून आईकडे परत जायचे आहे. तो चहा पोचवतो, लोक त्याला 'चायपाव' म्हणतात. त्याचे खरे नाव कोणाला नको असते. रस्त्यावर बसलेल्या लेखनिकाकडून तो आईला पत्र लिहून घेतो, परंतु नीट पत्ताच ठाऊक नसल्याने ते पत्र पोचण्याजोगे नसते. जमवलेले पैसेही नाहीसे होतात. गणपतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत शेवटचा हातही सुटतो आणि हातातल्या भोवऱ्यासह तो एकटा उरतो. येथे प्रेक्षकाला सुटकेचा श्वास टाकता येत नाही.

याहून महत्त्वाचे असे की, दिग्दर्शिकेने संस्थांच्या दयेचीही झडती घेतली आहे. मंजू ही वेश्येची मुलगी. आईपाशी राहणे तिच्या हिताचे नाही, असे ठरवून तिला सरकारी आश्रयगृहात ठेवले जाते. आईला काय वाटते, मंजूला काय हवे, हे जणू प्रश्नच नव्हेत. संरक्षण करणारेच मुलाचे म्हणणे ऐकत नाहीत, हे कटू सत्य या प्रसंगात आहे. दुसऱ्याच वर्षी, १९८९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या बाराव्या कलमात नेमके हेच सांगितले आहे : मुलाशी संबंधित निर्णयात मुलाचे मत विचारात घेतले पाहिजे. कायद्याच्या भाषेत जे पुढे आले, ते या चित्रपटाने आधीच जाणले होते.

तथापि या चित्रपटालाही एक प्रश्न विचारावा लागतो. कृष्णाची भूमिका करणाऱ्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्याला बंगळूरात रिक्षा चालवून संसार करावा लागला. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही. परंतु ज्या मुलाच्या आयुष्यातून कलाकृती घडते, त्याचे ऋण कला कसे फेडते? चित्रपटाच्या उत्पन्नातून 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला, अनेक मुलांना आसरा आणि शिक्षण मिळाले. इतके तरी किती निर्मात्यांनी केले आहे? तरीही हा प्रश्न संपत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी घातली, परंतु दोन अपवाद ठेवले. एक कुटुंबाच्या व्यवसायातील मदतीचा आणि दुसरा बालकलाकारांचा. शाळेत व्यत्यय येऊ नये, अशी अट आहे. ती पाळली जाते की नाही, हे पाहणे कलेच्या समीक्षेच्या बाहेरचे काम आहे, असे मला वाटत नाही.

या दोन्ही चित्रपटांत मुलाविषयी मोठी माणसे बोलतात. मूल स्वतः बोलले तर काय होते, हे पाहायचे असेल तर नारायण सुर्वे यांच्याकडे वळावे लागते. जन्मतःच टाकून दिलेल्या या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणले. पुढे तेही छत्र राहिले नाही. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या अशी कामे करीत सुर्वे वाढले. नंतर महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि त्यानंतर शिक्षक झाले. 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहाच्या नावातच त्यांनी रस्त्याला ज्ञानाचे स्थान दिले. येथे रस्त्यावरचे मूल करुणेचा विषय राहत नाही. ते जगाची साक्ष देते, आणि जगाचा हिशेबही मागते. मराठी कवितेला हा आवाज नवा होता.

परंतु सुर्व्यांच्या गौरवातही एक धोका आहे. 'रस्ता हेच विद्यापीठ' हे वाक्य सुर्व्यांनी म्हणणे वेगळे आणि सुखवस्तू वाचकाने म्हणणे वेगळे. एक सुर्वे घडला म्हणून हजारो पोऱ्यांच्या हुकलेल्या शाळेला आपण क्षमा करू लागलो, तर तो त्या कवीचा अपमान होईल.

मुलांच्या आवाजाचा हा प्रश्न चळवळीतही तितक्याच तीव्रतेने उभा राहिला. १९९६ मध्ये कर्नाटकातील कुंदापूर येथे निरनिराळ्या देशांतील कामकरी मुलांचे प्रतिनिधी एकत्र आले. त्यांनी शोषणाला विरोध केला, परंतु सन्मानाचे काम, शिक्षणाला आणि खेळायला वेळ मिळेल असे कामाचे तास आणि आपल्याविषयीच्या निर्णयांत सहभाग, याही मागण्या केल्या. मुलांनी बनवलेल्या मालावरच्या बहिष्कारालाही त्यांचा विरोध होता. याउलट आंध्र प्रदेशात शांता सिन्हा आणि एम. व्ही. फाउंडेशन यांनी ठाम भूमिका घेतली की, शाळेबाहेर असलेले प्रत्येक मूल बालकामगारच होय आणि त्याची जागा शाळेतच आहे. सिन्हा यांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझा कल दुसऱ्या भूमिकेकडे आहे, कारण गरिबीच्या सबबीवर दिलेली सवलत शेवटी मालकाच्याच उपयोगी पडते. परंतु कुंदापूरच्या मुलांनी जो प्रश्न विचारला, 'आमचे आम्हाला का विचारत नाही?', त्याला उत्तर दिल्यावाचून पहिली भूमिकाही खोडून काढता येणार नाही. मुंबईत १९९६ मध्येच टाटा समाजविज्ञान संस्थेतून १०९८ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य हेच की तेथे मूल स्वतः हाक मारू शकत होते.

कायदा सावकाश चालला. १९८६ च्या कायद्याने काही धोक्याची कामे तेवढी वर्ज्य केली. १९९२ मध्ये भारताने बालहक्क संहिता मान्य केली, परंतु बालमजुरीविषयीच्या कलमाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानेच करू, असे निवेदन जोडून. घरकाम आणि धाबे बंदीच्या यादीत यायला २००६ उजाडले; शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. २००१ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयोगटातील कामकरी मुले १.२६ कोटी होती, २०११ मध्ये ती १.०१ कोटी. घट आहे, पण दहा वर्षांच्या मानाने ती किती अल्प!

आपल्या समाजाला या क्षेत्रातील सेवा नवी नाही. मुंबईत १९६२ मध्ये येशूसंघीयांनी सुरू केलेले स्नेहसदन हे तिचे ठळक उदाहरण आहे. परंतु आपले लेखन त्या सेवेच्या मागे पडले आहे. नाताळच्या अंकांतील कथा आठवून पाहाव्यात. त्यांत थंडीत कुडकुडणारे एक अनाथ मूल असते, एक दयाळू कुटुंब असते आणि शेवटी केकचा तुकडा आणि स्वेटर असतो. त्या मुलाला नाव क्वचित असते, मत कधीच नसते. ते कोणाच्या हॉटेलात राबत होते, त्याचे वेतन कोणी बुडवले, शाळेने त्याचे नाव पटावरून केव्हा काढले, हे कथेला ठाऊक नसते. जे लेखक या विषयाला हात घालतील, त्यांनी स्वेटर अवश्य द्यावा. परंतु त्या मालकाचे नावही कथेत येऊ द्यावे, आणि मुलाला एक तरी वाक्य असे बोलू द्यावे की जे ऐकून दयाळू कुटुंबाला अवघडल्यासारखे होईल.