ख्रिस्ती बालोपासना : सुबोधता आणि सहभाग

प्रास्ताविक

कोणत्याही धर्मपरंपरेतील उपासनाविधी प्रौढांनी घडविलेला असतो. त्याची भाषा, त्यातील मौन आणि त्याचा कालावधी प्रौढांच्या सवयीचा असतो. या विधीत बालकांना सामावून घ्यावयाचे म्हटले की दोन मार्ग संभवतात. एक, विधी बालकांना कळेल इतका सोपा करणे. दुसरा, विधीत बालकाला स्वतःचे असे काही काम देणे. हे दोन्ही मार्ग एकच आहेत असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. ख्रिस्ती बालोपासनेच्या इतिहासातील काही महत्त्वाच्या संहिता तपासल्या असता हे गृहीतक टिकत नाही. सुबोधता आणि सहभाग यांतील हा फरक स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुबोधतेची परंपरा

इंग्रजी प्रॉटेस्टंट परंपरेत आयझॅक वॉट्स यांनी १७१५ मध्ये बालकांसाठी सोप्या भाषेतील भक्तिगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० च्या सुमारास ग्लॉस्टर येथे रविवारच्या शाळेला चालना दिली आणि अशा गीतांना एक कायमचे व्यासपीठ लाभले. वॉट्स यांची भाषा खरोखरच सोपी आहे. परंतु त्या गीतांतील बालक हा प्रामुख्याने उपदेशाचा विषय आहे. आळस करू नये, भांडू नये, खोटे बोलू नये, अन्यथा ईश्वरी शिक्षा अटळ आहे, असा त्यांचा सूर आहे. सुमारे दीडशे वर्षांनी, १८६५ मध्ये, लुईस कॅरॉल यांनी आपल्या ‘अ‍ॅलिस’मध्ये याच गीतांचे विडंबन केले. विडंबन वाचकांना तत्काळ उमगले, याचा अर्थ मूळ गीते घरोघर पाठ होती. मात्र पाठ असणे म्हणजे आपली असणे नव्हे, हेही त्या विडंबनाने दाखविले.

सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांचा १८४८ चा बालगीतसंग्रह या दृष्टीने अधिक विचारणीय आहे. ख्रिस्ती श्रद्धासूत्रातील एकेक विधान बालकांना उलगडून सांगावे, अशी त्यातील काही गीतांमागील योजना आहे. सृष्टीची निर्मिती, ख्रिस्तजन्म व क्रूसावरील मृत्यू हे अवघड विषय त्यांनी चित्रमय भाषेत आणले. ही गीते आजही गायली जातात, हे त्यांच्या वाङ्मयीन गुणाचे प्रमाण होय. तथापि सृष्टिविषयक गीतात श्रीमंत व गरीब यांची पायरी ईश्वरानेच ठरविली आहे, अशा आशयाचे एक कडवे होते. १९०६ च्या ‘द इंग्लिश हिम्नल’मध्ये ते वगळण्यात आले. सोपी भाषा निरागस असतेच असे नाही, हे येथे ध्यानात येते. प्रौढ व्यक्ती ज्या विधानावर वाद घालील, ते विधान बालगीतात निसर्गवर्णनाच्या ओघात बिनविरोध स्वीकारले जाते.

१९७३ ची निर्देशिका

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर (१९६२-६५) कॅथलिक उपासना लोकभाषांत होऊ लागली. तरीही बालकांचा प्रश्न सुटला नाही, कारण अडचण केवळ लॅटिनची नव्हती. १ नोव्हेंबर १९७३ रोजी व्हॅटिकनने बालकांसमवेतच्या मिस्सांसाठी स्वतंत्र निर्देशिका प्रसृत केली. तीन प्रकरणे आणि पंचावन्न परिच्छेदांच्या या दस्तऐवजात उपरोक्त दोन्ही मार्गांची जाणीव आढळते.

सुबोधतेच्या बाजूने ती अनेक सवलती देते. वाचनांची संख्या कमी करता येते. मात्र शुभवर्तमानाचे वाचन कधीही गाळता येत नाही. बालकांच्या मनोवृत्तीशी जुळवून घेणे धर्मगुरूंना अवघड वाटत असेल, तर शुभवर्तमानानंतर उपस्थित प्रौढांपैकी कोणी बालकांशी बोलावे, अशीही मुभा आहे. परंतु धर्मगुरूंनी बोबडे, पोरकट बोलणे टाळावे अशी स्पष्ट सूचनाही आहे. इतकेच नव्हे, तर प्रौढांसमवेत जगताना बालकांना सर्वच अनुभव कळतात असे नाही, म्हणून उपासनेतील सर्व काही त्यांना कळलेच पाहिजे असा आग्रह धरू नये, असे ती म्हणते. सुबोधतेची मर्यादा ओळखणारे हे विधान निर्देशिकेचा गाभा मानावे लागेल.

सहभागाच्या बाजूने वेदीची तयारी, गायन, वाद्यवादन, वाचन, प्रवचनातील प्रश्नोत्तरे, प्रार्थना व अर्पणे आणणे ही कामे शक्य तितक्या बालकांकडे सोपवावीत असे ती सुचविते. मौनाचाही ती आग्रह धरते, कारण बालके चिंतनास समर्थ आहेत असे ती मानते. बालकांसाठी शब्दविधी वेगळ्या जागी घेतल्यास ती जागा फार दूर नसावी व पुढील विधीसाठी बालकांना प्रौढांत आणावे, ही सूचना वरवर व्यवस्थेची वाटते. वस्तुतः ती तत्त्वाची आहे. वेगळी खोली हा टप्पा आहे, मुक्काम नव्हे.

तथापि एक उणीव राहते. बालकाने काय करावे हे निर्देशिका सांगते; बालकावाचून विधीचे काय अडते, हे ती सांगत नाही. ज्यू परंपरेतील वल्हांडणाच्या भोजनात घरातील सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारते आणि मुक्तिकथेचे निवेदन त्यांच्या उत्तरादाखल पुढे जाते. ते प्रश्नही पूर्वनियोजित असतात. पण मूल तेथे साहाय्यक नसून कथेचे निमित्त असते. ख्रिस्ती बालोपासनेत असे अपरिहार्य स्थान क्वचितच आढळते.

मराठी संदर्भ

मराठी ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाला एक निराळी बाजू आहे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रुजले. कृष्णराव रत्नाजी सांगळे व रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची पदे उपासनेत आली. ती मुद्दाम बालकांसाठी रचलेली नव्हती. परंतु भजन-कीर्तनाच्या घाटात ध्रुवपद पुनःपुन्हा येते, टाळ हाती देता येतो आणि अक्षरओळख नसलेले मूलही समूहात सूर मिळवू शकते. येथे आशय सोपा न करताही सहभाग शक्य होतो. १८७३ मध्ये सुरू झालेल्या ‘बालबोधमेवा’ या मासिकाने बालकांसाठी वेगळे वाचन पुरविले. भजनाने मात्र त्यांना मोठ्यांच्या ओळीतच बसविले.

निष्कर्ष

बालोपासनेचे मूल्यमापन ‘मुलांना कळले का?’ या एकाच कसोटीवर करणे अपुरे आहे. वॉट्स व अलेक्झांडर यांच्या गीतांनी ती कसोटी पार केली, तरी त्यांतील बालक ऐकणारा व पाठ करणारा राहिला. १९७३ च्या निर्देशिकेने त्याच्या हाती काम दिले, पण त्याला प्रश्नकर्त्याचे स्थान दिले नाही. भजनाच्या घाटाने न समजताही सामील होण्याची मोकळीक दिली. मुलांचे रंजन करणारी उपासना यशस्वी वाटते, कारण ती शांत बसविते. परंतु जी उपासना मुलाला केवळ शांत बसविते ती त्याला प्रेक्षक होण्याचे शिक्षण देत असते; आणि प्रेक्षक मोठा झाल्यावर उठून जाऊ शकतो. म्हणून ‘मूल अनुपस्थित असते तर या विधीत काय अपुरे राहिले असते?’ ही कसोटी अधिक कठोर असली, तरी अधिक न्याय्य आहे.